सर्वांत कमी कर्करोगाचे जिल्हे आणि पिशवी काढलेल्या बायका

देशभरच्या कर्करोग नोंदणीचा मोठा अहवाल ऑगस्ट २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाने तो काढला. २८ नोंदणी केंद्रांची २०१२ ते २०१६ या काळातील माहिती त्यात आहे. लोकसंख्येतील म्हाताऱ्या-तरुणांचे प्रमाण सारखे धरून काढलेले दर पाहिले, तर दर लाख पुरुषांमागे मिझोरामच्या ऐझॉल जिल्ह्यात वर्षाला २६९.४ नवे रुग्ण सापडतात आणि उस्मानाबाद-बीड या जोड जिल्ह्यांत ३९.५. बायकांचा सर्वांत वरचा दर अरुणाचलच्या पापुम पारे जिल्ह्याचा, २१९.८. सर्वांत खालचा पुन्हा उस्मानाबाद-बीडचाच, ४९.४. (उस्मानाबादचे नाव २०२३ पासून धाराशिव झाले आहे. अहवालात जुने नाव आहे, म्हणून येथेही तेच ठेवले आहे.)

सर्वांत कमी! दुष्काळ, कर्ज आणि आत्महत्या यांच्याच यादीत ज्या मुलुखाचे नाव वर असते, त्याला एखाद्या यादीत तरी चांगला क्रमांक मिळाला, असे कोणालाही वाटेल.

आता दुसरा आकडा घ्या. ऊसतोडणीला जाणाऱ्या बायकांची गर्भाशये सरसकट काढली जात आहेत, अशी ओरड २०१९ साली वर्तमानपत्रांतून आणि विधिमंडळातून झाली. शासनाने चौकशी समिती नेमली. त्या वेळी बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे शंभरात जवळजवळ सतरा. त्याच सुमाराच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांत हे प्रमाण देशात ३.२ टक्के आणि महाराष्ट्रात २.६ टक्के होते. दोन्ही पाहण्यांतील वयोगट तंतोतंत एक नाहीत, हे मान्य. पण अडीच आणि सतरा यांमधले अंतर वयोगटाच्या हिशेबाने भरून निघत नाही.

हे दोन आकडे एकाच मुलुखाचे आहेत आणि जवळपास एकाच काळातले आहेत. आरोग्य खात्याच्या कपाटात ते वेगवेगळ्या फायलींत पडून आहेत. ते शेजारी ठेवून वाचण्याचे काम कामगार चळवळीने केले नाही, तर दुसरे कोणी करणार नाही.

"नाहीतर कॅन्सर होईल"

मागच्या हंगामात पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कारखान्याच्या तळावर आम्ही काही कार्यकर्ते गेलो होतो. संध्याकाळची वेळ, बायका फडावरून नुकत्याच आलेल्या, कोप्यांपुढे चुली पेटत होत्या. दरवाढीचे पत्रक वाटायचे होते. एका बाईने पत्रक घेतले, घडी करून कमरेला खोचले आणि आमच्याबरोबरच्या कार्यकर्तीला म्हणाली, "ताई, दराचं राहू द्या. पिशवी काढल्यावर कंबर एवढी का दुखती, ते सांगा." वय विचारले. बत्तीस-तेहतीस असेल म्हणाली. पिशवी कधी काढली? पाच वर्षे झाली. का काढली? अंगावरून पांढरे जात होते, ओटीपोट दुखत होते. गावाकडच्या डॉक्टरने मशीन लावून बघितले आणि सांगितले, पिशवी खराब झाली आहे, ठेवली तर कॅन्सर होईल.

भोवती बसलेल्या सहा जणींपैकी आणखी दोघींनी मान हलवली. शब्दसुद्धा तेच होते: ठेवली तर कॅन्सर होईल.

२०१९ पासून ज्या ज्या पत्रकाराने, डॉक्टरने किंवा संघटनेने या बायकांशी बोलून काही लिहिले, त्या प्रत्येकाच्या लिखाणात हे वाक्य आले आहे. तपासणीचा कागद नाही, पेशींचा नमुना नाही, दुसऱ्या डॉक्टरचे मत नाही. रोगाचे नुसते नाव घेतले की काम होते. अंगावरून जाणे आणि ओटीपोट दुखणे यांचे कारण बहुतेक वेळा जंतुसंसर्ग असतो, त्याला औषधाच्या गोळ्या पुरतात. गर्भाशयमुखाचा कर्करोग कोवळ्या वयात क्वचित होतो. त्याचे बहुतेक रुग्ण चाळिशीच्या पुढचे असतात.

म्हणजे पाहा. देशात जेथे कर्करोग सर्वांत कमी नोंदला जातो, नेमके तेथेच कर्करोगाची भीती दाखवून हजारो बायकांच्या शरीरातला अवयव काढला गेला. सरकारच्या तक्त्यात जो रोग कमी आहे, तो दवाखान्याच्या दारात सर्वांत जास्त खपतो. हा विरोधाभास कोणाच्या सोयीचा आहे?

नोंदणीत काय दिसते, काय दिसत नाही

आमचे भांडण नोंदणी करणाऱ्यांशी नाही, हे आधी सांगतो. मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ साली देशातली पहिली लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणी उभी केली. १९८२ पासून राष्ट्रीय कार्यक्रमाखाली मुंबई, बंगळूर आणि मद्रास येथील नोंदी एका पद्धतीने होऊ लागल्या. ही सारी शहरे. खेड्यांत काय चालले आहे, याचा पत्ता नव्हता. १९८७ साली बार्शीला ग्रामीण नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतली ३४६ गावे. खेड्यातला माणूस दवाखान्यात जातच नाही, तर कागद कोठून मिळणार? म्हणून तेथील कर्मचारी गावोगाव फिरले, लोकांशी बोलले, कोणाला गाठ आहे, कोणाला अंगावरून जाते, हे विचारून त्यांना बार्शीच्या रुग्णालयात आणले. याचा परिणामही दिसला. बार्शी भागातल्या बायका गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत येऊ लागल्या, असे १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नोंदले आहे. महागडे यंत्र नाही, मोठी इमारत नाही. माणसे पाठवली आणि बोलली, एवढेच.

तेव्हा आकडा खोटा आहे, असे आम्ही म्हणत नाही. मुंबईपेक्षा या भागात कर्करोग कमी आहे, हे बार्शीची नोंदणी पहिल्या दिवसापासून सांगत आली आहे. पण सगळे कर्करोग एकत्र करून काढलेल्या बेरजेत एक गोष्ट बुडते. मुंबईत बायकांच्या कर्करोगांत स्तनाचा कर्करोग वर गेला आणि गर्भाशयमुखाचा खाली आला. बार्शीत मात्र गर्भाशयमुखाचाच कर्करोग वर्षानुवर्षे पहिल्या क्रमांकावर राहिला. तो गरिबीचा रोग आहे. लहान वयात लग्न, पाठोपाठ बाळंतपणे, स्वच्छतेला पाणी नाही, तपासणीला दवाखाना नाही, अशा ठिकाणी तो टिकून राहतो. बेरीज कमी म्हणून त्याची काळजी कमी, हा हिशेब मुंबईच्या किंवा दिल्लीच्या टेबलावर ठीक दिसत असेल. परांड्याच्या बाईला तो लागू पडत नाही.

दुसरी गोष्ट. प्रसिद्ध होणाऱ्या तक्त्यांत वय असते, बाई की पुरुष हे असते, अवयव असतो, जिल्हा असतो. धंदा नसतो. बीडच्या ४९.४ मध्ये शिक्षिका किती, शेतकऱ्याच्या घरातली बाई किती आणि वर्षातले सहा महिने कोल्हापूर, सांगली, साताऱ्याला किंवा कर्नाटकात कोपीत राहणारी ऊसतोड बाई किती, हे तक्त्यावरून कळत नाही. कामगाराच्या दृष्टीने कर्करोगाचा पहिला प्रश्न "तू काय काम करतोस?" हा आहे. ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यातला छातीचा कर्करोग, रंगाच्या कारखान्यातला मूत्राशयाचा कर्करोग हे जगाला कळले, ते कोणीतरी हा प्रश्न विचारला म्हणून. आपल्याकडे तो प्रश्न अजून तक्त्याच्या बाहेर आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर, आणि ती थोडी किचकट आहे, तरी वाचकांनी सबुरीने समजून घ्यावी. दर कसा काढतात? वर रुग्णांची संख्या, खाली सगळ्या बायकांची संख्या. ज्या बाईचे गर्भाशय मुखासकट काढले आहे, तिला गर्भाशयमुखाचा कर्करोग होऊ शकत नाही. वरच्या संख्येत ती कधीच येणार नाही, पण खालच्या संख्येत ती मोजली जाते. एक लाख ऊसतोड बायकांत समजा दहा रुग्ण सापडले. दर झाला लाखाला दहा. पण या लाखातल्या सतरा हजार जणींना गर्भाशयच नाही. खरा दर उरलेल्या त्र्याऐंशी हजारांवर काढायला हवा, आणि तो येतो बारा. पिशव्या जितक्या जास्त काढाल, तितका जिल्हा कागदावर निरोगी होतो.

आता पुढच्या वीस वर्षांचे चित्र डोळ्यांपुढे आणा. समितीला सापडलेल्या त्या हजारो बायकांतल्या बऱ्याच जणी चाळिशीच्या आतल्या होत्या. २०३० नंतर त्या पन्नाशी-साठीत जातील, म्हणजे जेव्हा हा रोग एरवी दिसला असता, त्या वयात. तक्त्यावर बीडची रेघ खाली उतरलेली दिसेल. कोणी मंत्री त्या रेघेपुढे उभा राहून हे आमच्या आरोग्य योजनांचे यश आहे, असे भाषण करील. नोंदणी खात्याने गर्भाशय काढलेल्या बायका वजा करून दर काढायची पद्धत आजच सुरू केली नाही, तर त्या भाषणाला खोटे ठरवायला आपल्या हातात कागद नसेल.

उपाय ठाऊक होता

गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर उपाय नाही आणि भीतीपोटी बायका पिशवी काढतात, असे असते तर एक वेळ समजू शकलो असतो. पण उपाय याच मातीत तपासला गेला. उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून एक मोठा प्रयोग झाला. टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था त्यात होत्या. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका, गावांचे ५२ गट. काही गटांत विषाणूची चाचणी केली, काहींत पेशींची, काहींत नुसते व्हिनेगरसारखे आम्ल लावून डोळ्यांनी पाहिले, आणि एका गटात काहीच केले नाही. आठ वर्षांनी मोजले तेव्हा विषाणूची एकदाच, होय, आयुष्यात एकदाच चाचणी झालेल्या गटात या कर्करोगाने ३४ बायका गेल्या. काहीच न केलेल्या गटात ६४ गेल्या. २००९ साली हा निष्कर्ष जगभर छापला गेला आणि अनेक देशांनी आपली धोरणे ठरवताना त्याचा आधार घेतला.

त्या ६४ जणींबद्दल एक शब्द येथे बोललाच पाहिजे. त्यांना "नेहमीची सेवा" मिळत होती, असे संशोधकांनी लिहिले. नेहमीची सेवा म्हणजे काही नाही. ज्या प्रयोगात एका गटाला काही न देणे नेहमीचेच ठरते, तो प्रयोग त्या जागेच्या सरकारविषयी बरेच काही सांगून जातो. पुढे या प्रयोगाच्या नैतिकतेवर देशात आणि परदेशात वाद झाला, तो उगाच नाही.

पण ज्या बायकांच्या जिवावर हे ज्ञान मिळाले, त्यांना तरी ते परत मिळाले काय? २०१९ ते २०२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या बायकांना विचारले, गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झाली आहे काय? देशभरात हो म्हणणाऱ्या १.९ टक्के निघाल्या. शंभरात दोनसुद्धा नाहीत. प्रयोग संपून दहा वर्षे झाली होती. उस्मानाबादच्या शेजारी, बीडमध्ये, त्याच वर्षांत चाचणीच्या जागी चाकू चालत होता. विधान परिषदेत जून २०१९ मध्ये आरोग्यमंत्र्यांनी सांगितले की, तीन वर्षांत बीड जिल्ह्यात ४,६०५ गर्भाशये काढली गेली. तीन वर्षांत, एका जिल्ह्यात.

खाडा

डॉक्टर दोषी आहे. पण सगळा दोष डॉक्टरच्या माथी मारून साखर कारखानदारी हात झटकू पाहते, तेव्हा तिचा हात धरला पाहिजे. ऊसतोड बाई पिशवी काढायला तयार का होते?

मुकादमाकडून उचल घेतली जाते ती जोडप्याच्या नावाने. नवरा-बायको मिळून एक कोयता. बाई एकटी मजूर म्हणून कोणाच्या हजेरीपटावर नाही, तिच्या नावाने पैसा नाही, पण काम अर्धे तिचे आहे, आणि स्वयंपाक, पाणी, पोरे हे वर. पहाटे उठायचे, ऊस तोडायचा, पाचट काढायचे, मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत न्यायची. मोळी तीस-चाळीस किलोंची. पाळीच्या दिवसांत बसायला आडोसा नाही, धुवायला पाणी नाही, कपडा बदलायला जागा नाही. एक दिवस पडून राहिले तर खाडा. एका खाड्याला पाचशे रुपयांपर्यंत कापतात, ही तक्रार २०१९ साली गावोगाव बायकांनी केली. महिन्यातले तीन-चार दिवस, सहा महिने. हिशेब करा आणि मग सांगा, पाळी कायमची बंद करण्याचा सौदा त्या घराला कसा दिसतो.

"आम्ही कोणाला जबरदस्ती केली नाही," असे मुकादम म्हणतो, आणि तो खरे बोलतो. जबरदस्तीची गरजच पडत नाही. दंड एका बाजूला, कॅन्सरची भीती दुसऱ्या बाजूला, मध्ये बाई. ऑपरेशनचे हजारो रुपये येतात कोठून? उचलीतूनच. म्हणजे पुढच्या हंगामाची सही झाली. पिशवी गेल्यावर पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पुन्हा मोळी डोक्यावर. अनेकींचे अंडाशयही गेलेले असते. तिशीत पाळी गेली की हाडे लवकर ठिसूळ होतात, अंगाची आग होते, झोप उडते. तळावरच्या त्या बाईच्या कंबरेचे उत्तर येथे आहे. कर्करोगाच्या नोंदणीत तिची कंबर येत नाही.

कारखाना काय म्हणतो? हे आमचे कामगार नव्हेत, मुकादमाचे आहेत. गाळप कोणासाठी होते, मुकादमाला उचल कोणाच्या पैशातून मिळते, तोडणीचा कार्यक्रम कोणाच्या शेतकी खात्यातून निघतो, हे विचारले की गप्प. ऊस कारखान्याचा, साखर कारखान्याची, मळी कारखान्याची, फक्त बाई मुकादमाची!

ही एकट्या बीडची गोष्ट नाही

हे पत्र देशभर जाते, म्हणून दुसऱ्या राज्यांतील सभासदांसाठी लिहितो. राजस्थानात दौसा जिल्ह्यात, छत्तीसगडमध्ये, बिहारमध्ये विमा योजनेच्या कार्डावर, असाच प्रकार आधी उघडकीस आला होता. २०१५-१६ च्या पाहणीत आंध्र प्रदेशात ८.९ टक्के आणि तेलंगणात ७.७ टक्के बायकांचे गर्भाशय काढलेले निघाले. या तीन राज्यांच्या प्रकरणांवरची जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयात २०१३ पासून पडली होती. ५ एप्रिल २०२३ ला निकाल लागला, आणि अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने केलेली मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी तीन महिन्यांत लागू करावीत, असा आदेश झाला. याचिका दाखल झाली तेव्हा जन्मलेली मुलगी निकालाच्या वेळी दहा वर्षांची झाली होती आणि आईबापांबरोबर फडात वाढे गोळा करीत होती.

बीडमध्ये २०१९ नंतर खासगी दवाखान्याला गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकाची परवानगी लागू केली गेली. चांगले झाले. पण ऊसतोड बाई बीडमध्ये राहते किती दिवस? दसरा-दिवाळीला टोळी निघते ती मार्च-एप्रिलपर्यंत परत येत नाही. नियम जिल्ह्याच्या हद्दीला बांधलेला, बाई ट्रकमध्ये बसून हद्द ओलांडून गेलेली.

आता नव्या कामगार संहिता आल्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या अमलात आहेत, आणि त्यांच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापले आहे की, चाळिशीच्या पुढच्या कामगाराला वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी मिळेल. चाळिशीच्या पुढच्या! ज्यांची पिशवी तिसाव्या-पस्तिसाव्या वर्षी काढली, त्यांची चाळिशीनंतर तपासणी करून डॉक्टर काय पाहणार? आणि तपासणी द्यायची कोणी, कारखान्याने की मुकादमाने? हा प्रश्न सुटला नाही, तोपर्यंत ते कलम ऊसतोडणीच्या तळावर कधी पोहोचणार नाही.

आपलेही चुकले

हे लिहिताना आपल्या घराकडेही पाहणे भाग आहे. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मिळाली. ती लढून मिळाली, तिचा अभिमान आहे. पण आजवर वाटाघाटीच्या टेबलावर गेलेली मागणीपत्रे काढून बघा. दर आहे, मुकादमाचे कमिशन आहे, वाहतूक आहे, बैलांचा विमासुद्धा आहे. बायकांची पाळी नाही. शौचालय असेल तर शेवटून दुसरे कलम, आणि बोलणी अडली की ते पहिल्यांदा सोडायचे. टेबलाच्या आपल्या बाजूला बाई बसलेली किती वेळा होती? हा विषय खासगी आहे, बायकांचा आहे, बैठकीत कसा काढायचा, असा संकोच आपल्या चांगल्या चांगल्या कार्यकर्त्यांनी केला. मी स्वतः केला. तळावरची बाई कंबरेचे विचारत होती, तेव्हा मी चुलीकडे पाहत उभा होतो आणि बोलायचे काम कार्यकर्तीवर सोडून दिले होते.

त्या संकोचाचा फायदा ज्याने घ्यायचा त्याने घेतला.

म्हणून पुढच्या करारासाठी महिला समितीने जी टिपणे केली आहेत, त्यांना शाखांनी आधीपासून पाठबळ द्यावे. उचल आणि हजेरी बाईच्या स्वतःच्या नावाने. पाळीच्या, गरोदरपणाच्या आणि आजाराच्या दिवसांचा खाडा बंद. प्रत्येक तळावर पाणी आणि शौचालय, खर्च कारखान्याचा. हंगाम सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यात तळावरच तिशीपुढच्या प्रत्येक बाईची गर्भाशयमुखाची तपासणी. उस्मानाबादेत सिद्ध झालेली विषाणूची चाचणी, ती नसेल तर निदान डोळ्यांनी पाहण्याची. तिचा निकाल कागदावर बाईच्या हातात, म्हणजे पुन्हा कोणी "ठेवली तर कॅन्सर होईल" म्हणाला, तर तिला तो कागद दाखवता येईल. मुलींना लस देण्याची मोहीम शाळेतून होते म्हणतात, तर ज्या महिन्यांत मुली शाळेत नसून फडात असतात, त्या महिन्यांत ती फडात आली पाहिजे.

आणि नोंदणी खात्याकडे दोन मागण्या, दोन्ही बिनखर्चाच्या. रुग्णाच्या कागदावर धंदा लिहा आणि तक्त्यात छापा. गर्भाशयाच्या कर्करोगाचा दर काढताना गर्भाशय काढलेल्या बायका वजा करा. बार्शीच्या कर्मचाऱ्यांनी साडेतीनशे गावे पायाखाली घातली, त्यांना एवढे अवघड जाणार नाही.

बीड, धाराशिव, अहिल्यानगर, जालना आणि परभणीच्या तालुका शाखांना विनंती आहे की, दसऱ्याला टोळ्या निघण्यापूर्वी आपापल्या गावांतली यादी पूर्ण करावी: कोयता कोणाच्या नावाने, मुकादम कोण, कोणता कारखाना, घरातल्या बाईचे वय, पिशवी काढली असल्यास कोणत्या वर्षी आणि काय सांगून. नाव लिहायचे की नाही, हे त्या बाईला विचारून ठरवावे आणि यादी महिला कार्यकर्तीनेच करावी. कोरे तक्ते जिल्हा कचेरीतून मिळतील.